पारा तेहतिसावर, तरी लाव्हीला धाप का लागते?

मे महिन्यातली दुपार. काशीदच्या किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत पर्यटकांनी बैठक मारलेली असते. मोबाइलवर तापमान दिसते ३३ अंश सेल्सिअस आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'जाणवते ४२'. अकोल्याहून किंवा चंद्रपूरहून आलेला पाहुणा त्या ३३ च्या आकड्याला हसतो. 'आमच्याकडे पंचेचाळीस असतं,' असे सांगतोही. अर्ध्या तासात त्याचा सदरा अंगाला चिकटतो आणि हसू मावळते. कोकणातला उन्हाळा आकड्यात मावत नाही, हे त्याला घामाने कळते.

आता याच हवेत, पत्र्याच्या छपराखाली, पिंजऱ्यात बसलेल्या दोनशे ग्रॅम वजनाच्या पक्ष्याचा विचार करा. त्याला घाम येत नाही, कारण घामाच्या ग्रंथीच नाहीत. अंगावर पिसांचे पांघरूण आहे आणि ते काढून ठेवता येत नाही. उठून सावलीत जाण्याची मुभा नाही. शिवाय त्याने त्याच संध्याकाळी एक अंडे द्यावे, अशी मालकाची अपेक्षा आहे.

हा पक्षी म्हणजे जपानी लाव्ही. हॉटेलच्या मेन्यूवर ती 'बटेर' असते, पाळणाऱ्यांच्या बोलण्यात 'क्वेल'. थोड्या जागेत, थोड्या भांडवलात आणि लवकर पैसा देणारा जोडधंदा म्हणून तिची शिफारस होते आणि 'काटक पक्षी, उन्हाला दाद देत नाही' असेही सांगितले जाते. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. उन्हाळ्यात लाव्ह्या ब्रॉयलर कोंबड्यांसारख्या पटापट मरत नाहीत, म्हणून त्यांना त्रास होत नाही असा समज होतो. प्रत्यक्षात नुकसान होतच असते. ते मेलेल्या पक्ष्यांच्या संख्येत न दिसता अंड्यांच्या टोपलीत दिसते.

छोटा पक्षी, मोठी भट्टी

ही लाव्ही आपल्या माळरानातली नाही. मूळ पूर्व आशियातला हा पक्षी जपानमध्ये आधी आवाजासाठी आणि पुढे अंडी-मांसासाठी पाळला गेला. भारतात ती १९७४ मध्ये अमेरिकेतून उत्तर प्रदेशातील बरेलीजवळच्या इज्जतनगरला आली. तिथेच १९७९ मध्ये केंद्रीय पक्षी संशोधन संस्था उभी राहिली आणि भारतीय हवामानात टिकणारे 'कॅरी उत्तम', 'कॅरी उज्ज्वल', 'कॅरी श्वेता' असे वाण तिने तयार केले. आपल्या रानातले लाव्हे वेगळे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार त्यांना पकडणे किंवा मारणे गुन्हा आहे. पाळीव जपानी लाव्हीही काही काळ याच कायद्याच्या कचाट्यात सापडली होती. पुढे तिला त्यातून वगळण्यात आले.

या पक्ष्याचा वेग थक्क करणारा आहे. अंडे उबवायला १७-१८ दिवस पुरतात. बाहेर येणारे पिल्लू सात-आठ ग्रॅमचे असते. पाचव्या आठवड्यात पक्षी विक्रीला तयार होतो आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात मादी अंडी घालू लागते. चांगली निगा राखली तर ती वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते. एक अंडे १० ते १२ ग्रॅमचे. आकड्यात ते किरकोळ वाटते, पण मादीच्या वजनाच्या मानाने ते सहा-सात टक्के, कधी आठ टक्क्यांपर्यंत भरते. कोंबडीच्या बाबतीत हेच प्रमाण तीन-चार टक्के असते. म्हणजे लाव्हीची मादी रोज कोंबडीच्या जवळपास दुप्पट ओझे पेलते.

एवढे काम करणाऱ्या शरीरात भट्टीही तशीच धगधगते. लाव्हीच्या शरीराचे तापमान ४१ ते ४२ अंश असते. माणसाला तो जीवघेणा ताप ठरेल. शिवाय प्राणी जितका लहान, तितकी त्याच्या दर ग्रॅम वजनामागे तयार होणारी उष्णता जास्त. दोन किलोच्या ब्रॉयलरच्या तुलनेत दोनशे ग्रॅमची लाव्ही दर ग्रॅममागे साधारण पावणेदोनपट उष्णता निर्माण करते. लहान असण्याचा फायदाही आहे. वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग दुपटीहून जास्त असल्यामुळे उष्णता बाहेर टाकायला वाव मिळतो. 'लाव्ही काटक' या समजुतीचे मूळ इथे आहे. पण ही सोय भोवतालची हवा अंगापेक्षा बरीच थंड असेल तोवरच उपयोगी पडते. प्रौढ लाव्हीला साधारण १८ ते २४ अंशांची हवा मानवते. काशीदच्या मे महिन्यात पहाटेदेखील ती मिळत नाही.

धाप लागते तेव्हा आत काय घडते?

उष्मा वाढू लागला की लाव्ही आधी पंख अंगापासून दूर धरते, म्हणजे पंखांखालच्या विरळ पिसांच्या भागाला हवा लागते. हालचाल कमी करते. पाण्याकडे वारंवार जाते आणि खाण्याकडे पाठ फिरवते. खाद्य पचवतानाही उष्णता तयार होते, म्हणून शरीरच भूक मारते. तेवढ्याने भागले नाही की चोच उघडते, धाप सुरू होते आणि गळ्याखालची कातडी भराभर थरथरू लागते. घसा आणि श्वासनलिकेतला ओलावा वाफ होऊन बाहेर जावा, यासाठी ही धडपड असते. एक ग्रॅम पाणी शून्यापासून उकळीपर्यंत तापवायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या पाचपटीहून अधिक उष्णता तेवढेच पाणी वाफ होताना सोबत घेऊन जाते. घाम नसलेल्या पक्ष्याचे हेच मोठे हत्यार.

पण धाप फुकट लागत नाही. भराभर श्वास सोडताना रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो. रक्ताची आम्लता घटते, ते अधिक अल्कधर्मी होते आणि त्यामुळे रक्तात मोकळ्या स्वरूपात फिरणारे कॅल्शियम कमी होते. अंड्याचे कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यातले कॅल्शियमही आटले आणि कार्बोनेटसाठी लागणारा कच्चा मालही श्वासावाटे उडून गेला. मग अंडी पातळ कवचाची, हातात घेताच तडकणारी निघू लागतात.

इथे लाव्हीच्या एका सवयीमुळे गोष्ट आणखी बिघडते. कोंबडी बहुधा सकाळी अंडे देते. तिचे कवच रात्रीच्या गारव्यात पक्के होते. लाव्ही मात्र बहुतेक वेळा दुपार कलल्यावर, तीन ते सहाच्या सुमारास अंडे देते. म्हणजे कवचाचे शेवटचे थर चढण्याची आणि त्यावर ओळखीचे तपकिरी-काळे ठिपके उमटण्याची वेळ नेमकी भर दुपारच्या धापेत येते. म्हणून उन्हाळ्यात रोज अंडी हातात घेऊन पाहावीत. ठिपके फिकट पडलेले, कवचावर खडूसारखा पांढुरका थर, तडे जाण्याचे वाढते प्रमाण अशी लक्षणे दिसली की पक्षी अजून धडधाकट वाटत असला तरी ताणाखाली आहे, असे समजावे.

ताण दिसणाऱ्या लक्षणांपुरता थांबत नाही. पक्ष्याच्या रक्तात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचे संप्रेरक वाढते. ते चढते राहिले की स्नायूंची झीज होते, वाढ मंदावते आणि रोगप्रतिकारशक्ती घटते. पेशींमध्ये 'हीट शॉक प्रोटीन' नावाची प्रथिने तयार होऊ लागतात. उष्णतेने घडी बिघडलेली इतर प्रथिने सांभाळणे हे त्यांचे काम. आतड्याचे अस्तर दुबळे होते. नरांची प्रजननक्षमता उतरते, त्यामुळे उबवणीच्या अंड्यांत रिकामी अंडी वाढतात. हे एका दुपारीत घडत नाही. आठवड्यांमागून आठवडे साचत जाते.

हिशेबात काय दिसेल, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, वाडीत ५०० माद्यांचा शेड आहे आणि थंडीत रोज ४०० अंडी मिळतात. उन्हाळ्यात हे प्रमाण शंभराला ८० वरून ६५ वर आले, तर रोजची अंडी ३२५ होतील. दिवसाला ७५ अंडी कमी, म्हणजे दोन महिन्यांत साडेचार हजार. त्यातच तडकलेली अंडी वेगळी. एकही पक्षी मेलेला नाही, पण किनाऱ्यावर पर्यटकांची सर्वाधिक गर्दी असते त्याच महिन्यांत टोपली अर्धवट राहते. छोट्या जोडधंद्याचा वर्षभराचा नफा अशा दोन महिन्यांत वाहून जाऊ शकतो.

विदर्भाचा उपाय कोकणात का चालत नाही?

उन्हाळ्यातल्या कुक्कुटपालनाचा सल्ला विचारला की बहुधा पहिले उत्तर येते फॉगरचे. शेडमध्ये पाण्याचे बारीक तुषार सोडा, बाजूला ओली पोती लावा, कूलर बसवा. हा सल्ला चुकीचा नाही, पण तो कोरड्या हवेसाठी आहे.

पाणी वाफ होऊन हवा किती थंड करू शकेल याला मर्यादा असते आणि ती मर्यादा ओल्या कापडाने गुंडाळलेला तापमापक दाखवतो. त्यावरच्या आकड्याला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. विदर्भात ४० अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर हा आकडा २३ च्या आसपास येतो. कोरड्या आणि ओल्या तापमानात तब्बल सतरा अंशांचे अंतर. चांगला कूलर यातले बरेचसे अंतर कापतो आणि शेडमधली हवा २६-२७ अंशांपर्यंत उतरवू शकतो.

काशीदला ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता धरा. ओला तापमापक २८ च्या थोडे वर दाखवेल. अंतर जेमतेम साडेचार-पाच अंश. तोच कूलर इथे लावला तर हवा फार तर २९ पर्यंत उतरेल आणि त्या बदल्यात शेडमधली आर्द्रता नव्वदीकडे जाईल. पक्ष्याचे मुख्य हत्यार म्हणजे घशातला ओलावा वाफ करणे. ते याच आर्द्रतेने बोथट होते. शिवाय खालचा भुसा ओला होतो, विष्ठेतून अमोनिया सुटतो, डोळे-श्वासमार्ग चुरचुरतात, रक्ती हगवणीला आणि लाव्ह्यांमध्ये विशेष आढळणाऱ्या आतड्याच्या व्रणांच्या रोगाला आयते निमंत्रण मिळते. खाद्याच्या पोत्यांना बुरशी धरते ती वेगळीच. तिचे अफ्लाटॉक्सिन हे विष पक्ष्याच्या यकृतावर घाला घालते. पैसे खर्चून आणलेला फॉगर दमट दुपारी असा उलटा फिरतो.

पण कोकणाच्या हातात एक गोष्ट आहे जी विदर्भाला मिळत नाही, ती म्हणजे वारा. चंद्रपूरला ४५ अंशांचा वारा पक्ष्याच्या अंगापेक्षा गरम असतो. तो अंगावर घेणे म्हणजे भट्टीसमोर उभे राहणे. म्हणून तिथे दुपारी पडदे सोडतात. काशीदचा ३३ अंशांचा वारा पक्ष्याच्या ४१ अंशांच्या अंगापेक्षा आठ अंशांनी थंड असतो. तो जितका वेगाने अंगावरून जाईल तितकी उष्णता घेऊन जाईल. म्हणून किनाऱ्यावरचे सूत्र वेगळे: पाणी छपरावर, वारा आत.

छपरावर पाणी शिंपडले की वाफ शेडच्या बाहेर होते, ओलावा वाऱ्याबरोबर निघून जातो आणि तापलेला पत्रा गार होतो. पत्र्यावर चुन्याची पांढरी सफेदी, त्यावर नारळाच्या झावळ्या किंवा पेंढा अंथरणे, हे उपाय स्वस्त आहेत आणि प्रभावीही. बाहेर ३३ अंश असताना उघड्या पत्र्याखाली पिंजऱ्याच्या उंचीवर तापमान किती तरी वर जाते. वरच्या मजल्यावरचे पक्षी खालच्यांपेक्षा जास्त होरपळतात. म्हणून तापमापक शेडच्या दारात न लावता वरच्या पिंजऱ्याच्या पातळीवर लावावा.

किनाऱ्यावरचे दोन उन्हाळे

इथे एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. कोकणात उष्मा दोन प्रकारचा येतो. एप्रिल-मे-जूनमधला दमट, समुद्राकडून येणारा. आणि फेब्रुवारी-मार्चमधला कोरडा, पूर्वेकडून घाटावरून उतरणारा. पूर्वेचा वारा जोरात असला की समुद्री वारा सुटायला दुपार उलटते आणि तोवर पारा ३८-३९ पर्यंत चढतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये हवामान खात्याने कोकणाला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता, तो याच प्रकारच्या उष्म्याचा. त्या दिवसांत ३८ अंशांना आर्द्रता २५ टक्क्यांवर आली तर कोरड्या-ओल्या तापमापकातले अंतर पंधरा अंशांपर्यंत जाते. अशा दुपारी फॉगर कोकणातही काम करतो.

मग कोणत्या दिवशी काय करायचे हे कसे ठरवावे? दोन साधे तापमापक घ्यावेत. एकाच्या टोकाला सुती कापडाची वात गुंडाळून तिचे दुसरे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे. दोन्ही सावलीत, वाऱ्यात टांगावेत. दोन आकड्यांत आठ-दहा अंशांहून जास्त अंतर असेल तर तुषारांचा उपयोग आहे. अंतर पाचाच्या आत असेल तर पाण्याचा नळ बंद ठेवावा आणि पंखे सुरू करावेत. काही शे रुपयांत होणारे हे साधन कोणत्याही मोबाइलपेक्षा खरे सांगते, कारण ते तुमच्याच शेडची हवा मोजते.

हवामान खात्याच्या इशाऱ्यावर विसंबून राहणे इथे पुरेसे नाही. किनारी भागात उष्णतेची लाट जाहीर होण्यासाठी तापमान किमान ३७ अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर जावे लागते. सलग तीन आठवडे ३४ अंश आणि चिकट रात्री असतील तर कोणताही इशारा येणार नाही, पण लाव्हीचे अंडे घटेल. देशावर रात्री हवा बरीच गार होते, पक्षी सावरतो. किनाऱ्यावर रात्रीचे तापमान २६-२७ च्या खाली उतरतच नाही, त्यामुळे दिवसभराचा ताण फिटायला वेळ मिळत नाही.

संशोधन काय सांगते?

लाव्ही हा प्रयोगशाळेतला आवडता पक्षी आहे. लहान, लवकर वयात येणारा आणि कोंबडीचा नातलग. त्यामुळे उष्णतेच्या ताणावर तिच्यात भरपूर प्रयोग झाले आहेत. तुर्कस्तानातील एलाझिग शहरातल्या फिरात विद्यापीठात काझिम शाहिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दोन दशकांत जपानी लाव्ह्यांना ३४ अंशांत ठेवून खाद्यातल्या घटकांचा परिणाम तपासला. क जीवनसत्त्व, ई जीवनसत्त्व, क्रोमियम, जस्त अशा घटकांची जोड दिली की घटलेले खाणे, वाढ आणि अंड्यांचा दर्जा काही प्रमाणात सावरतो, असे त्यांच्या प्रयोगांत वारंवार आढळले.

क जीवनसत्त्वाची गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. माणसाला ते लिंबू-आवळ्यातून मिळवावे लागते. लाव्ही ते स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते. एरवी खाद्यात ते घालण्याची गरज नसते. पण ताणाच्या काळात खर्च वाढतो आणि घरचे उत्पादन पुरत नाही. तेव्हा बाहेरून दिलेली मात्रा कामी येते. 'काही प्रमाणात' हे शब्द मात्र विसरू नयेत. जीवनसत्त्वाची पुडी तापलेल्या पत्र्याची जागा घेऊ शकत नाही.

दुसरी दिशा वाण निवडीची. अमेरिकेतील लुईझियाना स्टेट विद्यापीठात डॅनियल सॅटरली यांनी ताण आल्यावर रक्तात किती कॉर्टिकोस्टेरॉन वाढते, यावरून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून जपानी लाव्ह्यांचे दोन वंश तयार केले: एक लवकर ताण घेणारा, दुसरा शांत. १९८८ मध्ये त्यांनी हे काम प्रसिद्ध केले. ताणाला सामोरे जाण्याची रीत काही अंशी वारशाने येते, हे त्यातून ठळक झाले. याचा आपल्याकडच्या पालकाला साधा अर्थ असा की, उन्हाळाभर चांगली अंडी देणाऱ्या माद्या कोणत्या याची नोंद ठेवावी आणि पुढची पिल्ले त्यांच्याच अंड्यांतून घ्यावीत. थंडीतल्या विक्रमापेक्षा मे महिन्यातली नोंद किनाऱ्यावर जास्त मोलाची.

वाडीतच आहे उत्तर

खर्चिक यंत्रांआधी करता येण्याजोगे बरेच काही आहे. शेडची लांबी पूर्व-पश्चिम असावी, म्हणजे लांब बाजूंवर थेट ऊन येत नाही. किनाऱ्यावर उन्हाळ्यातला दुपारचा वारा पश्चिम-वायव्येकडून येतो. उत्तरेची लांब बाजू जाळीची आणि मोकळी ठेवली तर तो आत शिरतो. तिथे पोती, खोकी, जुन्या पत्र्यांची अडगळ रचली असेल तर आधी ती हलवावी. छपराचे वळचण तीन फूट तरी बाहेर असावे. नारळी-पोफळीच्या वाडीतली सावली हा तर कोकणाचा नैसर्गिक कूलर. फक्त शेड थेट नारळाच्या झाडाखाली नको आणि झाडी इतकी दाट नको की वारा अडेल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या वाड्यांतली असंख्य झाडे आडवी झाली, तेव्हा उत्पन्नासोबत सावलीही गेली. नवे माड उंच होईपर्यंत वेली चढवलेले मांडव आणि शेडनेट यांवर भागवावे लागते.

खाद्य पहाटे आणि संध्याकाळी द्यावे. खाल्ल्यानंतर पचनाची उष्णता काही तासांनी चढते. सकाळी दहाला भरपेट खाल्लेला पक्षी ती नेमकी भर दुपारी भोगतो. अंड्यावरच्या लाव्हीला रोज सोळा तास उजेड लागतो. हा वाढीव उजेड रात्री देण्यापेक्षा पहाटे दिला तर ती गार वेळेत खाते.

पाणी हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. उन्हाळ्यात लाव्ही नेहमीच्या कितीतरी जास्त पाणी पिते, पण छपरावरच्या काळ्या टाकीतले पाणी गरम असेल तर ती चोच लावून मागे घेते. टाकी सावलीत ठेवावी, पोत्याने गुंडाळावी, नळ्यांतले तापलेले पाणी दुपारी एकदा काढून टाकावे. किनाऱ्यावर आणखी एक अडचण असते: मे महिन्यात समुद्रालगतच्या विहिरींचे पाणी मचूळ होते. खारट पाण्याने अंड्याचे कवच आणखी पातळ होते. अशा वेळी पक्ष्यांपुरते तरी गोडे पाणी बाजूला काढावे आणि त्यात आणखी क्षार घालण्याआधी पशुवैद्याला विचारावे. किनाऱ्यावरून वेचलेले शिंपले कॅल्शियमसाठी द्यायचे असतील तर तेही गोड्या पाण्याने नीट धुऊन, वाळवून, बारीक करून.

उन्हाळ्यापुरते पक्षी दहा-वीस टक्क्यांनी कमी ठेवावेत. दर पक्षी म्हणजे एक छोटी शेगडी. शेगड्या कमी केल्या की खोली गार राहते. नवी पिल्ले मात्र वेगळी. पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ ते ३७ अंशांची ऊब लागते आणि पुढे ती दर आठवड्याला थोडी थोडी कमी करायची असते. म्हणून पिल्लांची आणि मोठ्या पक्ष्यांची खोली एकच ठेवली की एकाचे भले दुसऱ्याला भोवते.

आणि एक गोष्ट टाळावी. पक्षी मलूल दिसले की पाण्यात प्रतिजैविके टाकण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. उष्णतेच्या ताणावर प्रतिजैविक हे औषध नव्हे. त्याने ऊन उतरत नाही. अंड्या-मांसातून औषधाचा अंश आणि औषधांना न जुमानणारे जंतू मात्र आपल्या ताटापर्यंत येऊ शकतात. दुपारनंतर घातलेली अंडी त्याच संध्याकाळी गोळा करून गार जागी ठेवावीत. रात्रभर उबदार शेडमध्ये राहिलेले अंडे लवकर उतरते. उबवणीची अंडी असतील तर साधारण २०-२१ अंशांच्या वर गर्भाची अर्धवट वाढ सुरू होऊन तो दगावतो, म्हणून त्यांना त्याहून थंड जागा हवी.

खाणाऱ्यांसाठीही दोन शब्द. लाव्हीच्या अंड्याबद्दल चमत्काराचे अनेक दावे फिरत असतात. वजनाने पाहिले तर चार-पाच अंडी मिळून कोंबडीचे एक अंडे होते आणि प्रथिनांचे प्रमाण दोन्हीत जवळपास सारखे, शंभर ग्रॅमला तेरा ग्रॅमच्या आसपास असते. कोलेस्टेरॉल मात्र त्याच वजनाला लाव्हीच्या अंड्यात दुपटीहून जास्त भरते. चांगला आहार म्हणून खावे, औषध म्हणून नव्हे. उन्हाळ्यात तडकलेले अंडे घेऊ नये आणि ते पूर्ण उकडूनच खावे.

शेडमधला माणूस

शेवटी एक गोष्ट पक्ष्यांपलीकडची. १६ एप्रिल २०२३ रोजी रायगड जिल्ह्यातल्याच खारघरला उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. दमट हवेत घाम येतो, पण तो वाळत नाही. आणि न वाळणारा घाम शरीर थंड करत नाही. माणसाचे हत्यार घाम, लाव्हीचे हत्यार धाप. पण दोन्ही चालतात एकाच तत्त्वावर आणि दमट हवेत दोन्ही एकाच वेळी निकामी होतात.

म्हणून दुपारी दोन वाजता शेडमध्ये चोची उघड्या दिसल्या, गळे थरथरताना दिसले, की पक्ष्यांसाठी पंखा लावावा आणि स्वतःही पाणी पिऊन सावलीत यावे. साफसफाई, खाद्याची पोती उचलणे ही कामे सकाळवर ढकलावीत. ज्या हवेत लाव्ही धापते, त्या हवेत तिला पाळणाऱ्यानेही राबू नये.